विषय: लायब्ररीचे पैसे कापतायत, ३० जूनच्या आत फोन करा

रविवार, २१ जून २००९

नमस्कार मंडळी,

शुक्रवारची बातमी वाचली असेलच. आपल्या ओहायो राज्याच्या बजेटमधे ३.२ बिलियन डॉलरचं भगदाड पडलंय आणि ते बुजवायला गव्हर्नर स्ट्रिकलंडनी जे सुचवलंय त्यात पब्लिक लायब्ररीचे दोन वर्षांत मिळून २२७ मिलियन डॉलर कापायचेत. त्याच प्रस्तावात घोड्यांच्या रेसकोर्सवर स्लॉट मशिन बसवून पैसे उभे करायचे असंही आहे, म्हणजे वाचनाला कात्री आणि जुगाराला परवानगी, असो.

नवीन आलेल्यांसाठी सांगते, ओहायोत बहुतेक लायब्रऱ्या गावाच्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालत नाहीत. राज्याच्या टॅक्सच्या उत्पन्नातला २.२२ टक्के वाटा २५१ लायब्ररी सिस्टिम्सना वाटला जातो, त्यातल्या साधारण ७० टक्के सिस्टिम्सना दुसरी लोकल लेव्ही (मतदारांनी मंजूर केलेला स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स) वगैरे काही नाहीच. आता मंदीत टॅक्सच कमी जमतोय म्हटल्यावर हा वाटा कोणी हात न लावताच २० टक्क्यांच्या आसपास खाली आलाय, आणि वर ही कपात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मंडळाच्या नावाने एक पत्र जावं असं मला वाटतं. कमिटीने या आठवड्यातच ठरवा, ३० जूनला फिस्कल इयर संपतं.

– सु.

*

सोमवार, २२ जून

सु., तुझी तळमळ कळते, पण मंडळ हे गणपती, दिवाळी आणि नाटकासाठी आहे, त्याने राजकारणात पडू नये. शिवाय आपण नॉन-प्रॉफिट आहोत, उद्या आयआरएसचं (टॅक्स खात्याचं) पत्र आलं तर खजिनदार म्हणून मला उत्तर द्यावं लागेल. आणि खरं सांगायचं तर राज्यात बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेलीय, अशा वेळी मेडिकेड (गरिबांच्या दवाखान्याच्या खर्चाची सरकारी योजना) कापायचं का पुस्तकं? पोरं सगळं गूगल करतात आता. आम्ही वाचनालयाची वर्गणी भरून, डिपॉझिट ठेवून वाचलं, फुकट कोणी दिलं नाही.

– काका (मेसन)

*

सोमवार, २२ जून, रात्री

काका, राग मानू नका. या वर्षी माझी नोकरी गेली हे इथे बऱ्याच जणांना माहीत नाही, आता कळलं. ग्रीन कार्ड आहे म्हणून निदान इथे राहता तरी येतंय. घरचं इंटरनेट आणि केबल दोन्ही बंद केलंय, त्यामुळे ते गूगल करायलासुद्धा मी लायब्ररीतच जातो. अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम ऑनलाइन, साध्या दुकानातल्या कामाचा अर्जही ऑनलाइन, आणि सकाळी दार उघडायच्या आधी बाहेर माणसं उभी असतात ती कादंबरी न्यायला आलेली नसतात. माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर एक गृहस्थ बसतात, आयुष्य फॅक्टरीत गेलं, ईमेल कधी केलं नव्हतं, त्यांना रेझ्युमे अपलोड कसा करायचा ते तिथल्या बाईंनी शिकवलं. एक तासाची लिमिट असते मशिनवर, आता तेही तास कमी होणार. मेडिकेड का पुस्तकं असं नाहीये हो ते, मेडिकेडचा फॉर्म भरायलाही लोक तिथेच येतात.

– प्र.

*

मंगळवार, २३ जून

मी लायब्ररीच्या एका ब्रँचमधे पार्टटाइम शेल्व्हिंग करते, म्हणजे पुस्तकं फळ्यांवर लावते, त्यामुळे माझा स्वार्थ आहे, तो धरूनच वाचा.

काका, आयआरएसचं म्हणाल तर ५०१(सी)(३), म्हणजे टॅक्स माफ असलेल्या नॉन-प्रॉफिट संस्थेला उमेदवाराचा प्रचार अजिबात करता येत नाही, पण कायद्यावर मत मांडणं, पत्र लिहिणं हे मर्यादेत चालतं. एक पत्र म्हणजे काही फार मोठं लॉबिंग नाही. आणि वैयक्तिक पत्राला तर सिटिझनशिपही लागत नाही, एच-वनवाल्यांनीसुद्धा लिहा, ती फक्त मत द्यायला लागते.

वर्गणीचं बरोबर आहे, पण त्याचं कारण बघा ना, महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे पण त्यात ग्रंथालय करच नाही, मग अ-ब-क-ड वर्ग पाडून अनुदान येईल तेव्हा येईल. शेजारी कर्नाटकात १९६५ च्या कायद्यात कर आहे. इथे लायब्ररीला टॅक्समधला ठरलेला टक्का मिळतो हेच मोठं आहे, आणि आत्ता हात त्यालाच घालतायत.

तयार मजकूर कॉपी-पेस्ट करून पाठवू नका, हजार एकसारखी ईमेल्स आली की ऑफिसातला पोरगा ती एकत्र मोजून बाजूला ठेवतो. हाउस बिल १, म्हणजे हे बजेटचं बिल, आता दोन्ही सभागृहांच्या एकत्र कॉन्फरन्स कमिटीत आहे. आपल्या रेप्रेझेंटेटिव्ह आणि सिनेटर दोघांच्या ऑफिसात फोन करा, नाव, झिप कोड, ब्रँच कुठली, आणि तुम्ही तिथे काय करता ते दोन वाक्यांत सांगा. प्र., तुझं वरचं ईमेल जसंच्या तसं इंग्रजीत गेलं तरी पुरे.

– वै.

*

बुधवार, २४ जून

ठीक. पत्राचा ड्राफ्ट मला दाखवा, पार्टीचं नाव कुठेही नको, मग सही करतो. प्र., मला फोन कर, आमच्या कंपनीत काँट्रॅक्टवाले घेतायत का विचारतो.

– काका

*

शनिवार, १८ जुलै

काल बजेटवर सही झाली. कपात २२७ वरून ८४ मिलियनच्या आसपास आली. लोकांनी इतके फोन आणि ईमेल केले की काही आमदारांच्या ऑफिसांना ते आवरेना. तरी पेढे वाटू नका. वाटा २.२२ चा १.९७ टक्के केलाय, जून २०११ पर्यंत तात्पुरता म्हणे. पूर्वी लायब्ररीचा वाटा फक्त इन्कम टॅक्समधून यायचा, १९९३ साली तो ६.३ टक्क्यांवरून ५.७ केला होता, तो परत वर गेला नाही. रक्कम कापली तर पुढच्या वर्षी मागता येते, टक्का खाली आला की चांगल्या दिवसातही कमीच मिळतं. त्यामुळे २०११ ची तारीख आत्ताच कॅलेंडरमधे घाला.

– सु.

*

शनिवार, १२ सप्टेंबर

हॅमिल्टन काउंटीवाल्यांसाठी: ३ नोव्हेंबरच्या बॅलटवर लायब्ररीची १ मिलची, पाच वर्षांची लेव्ही आहे. काकांनी हिशोब विचारला होता तो असा. ओहायोत घराच्या बाजारभावाच्या ३५ टक्क्यांवर टॅक्स लागतो, म्हणजे एक लाखाच्या घराला ३५ हजारांवर, हजारी एक डॉलर, झाले ३५. त्यातून १० टक्के आणि स्वतः राहत असाल तर आणखी अडीच टक्के सूट, वर्षाला ३० डॉलर ६३ सेंट. मेसनवाल्यांना मत नाही, ती वॉरन काउंटी, पण मतदारांना फोन करायला बसता येईल.

मतदार नोंदणी ५ ऑक्टोबरपर्यंत, फॉर्म ब्रँचमधे काउंटरवर मिळतो. आपल्यात सिटिझन झालेले पण रजिस्टर न केलेले पुष्कळ आहेत, मला नावं माहीत आहेत, इथे लिहीत नाही. फोनसाठी कोण येणार ते मला एकटीला कळवा, रिप्लाय ऑल नको, मागच्या वेळी चकलीच्या ऑर्डरी सगळ्या लिस्टवर आल्या होत्या.

– वै.