मदत हवी आहे: निवासी उपचार शाळेतला गुणफलक आणि आघात सोसलेली मुलं

नमस्कार मंडळी,

मी एका निवासी उपचार शाळेत वसतिगृहाची काळजीवाहक आहे. संध्याकाळ आणि रात्र बहुतेक माझ्याकडेच असते. मुलं सात ते तेरा वर्षांची. कुणी मारहाण सोसलेली, कुणी लैंगिक अत्याचार, कुणाकडे घरात कधी कुणी बघितलंच नाही, आणि बरीचशी या घरातून त्या घरात, या संस्थेतून त्या संस्थेत फिरत आलेली. थेरपिस्टबरोबर आठवड्यातून एक-दोन तास जातात. उठणं, आंघोळ, जेवण, अभ्यास, भांडणं, झोप हे सगळं आमच्यासोबत. माझा प्रश्न या बाकीच्या वेळेबद्दल आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आमच्याकडे गुणफलक आहे. दिवसभराच्या वागण्याचे गुण लिहितात, त्यावरून पातळी ठरते, पातळी घसरली की सवलती जातात. खेळायला जादा वेळ, बाहेर फिरायला जाणं इथवर ठीक. पण घरच्यांशी फोनवर बोलणं आणि झोपायच्या आधीची आपल्या ताई-दादाबरोबरची, म्हणजे आम्हा काळजीवाहकांपैकी एकाबरोबरची, पंधरा मिनिटं हीसुद्धा त्याच यादीत आहेत. माझं अडतं ते इथे.

एक मुलगा आहे, नऊ वर्षांचा. बूट घालूनच झोपतो. अंगात बाहेरचे कपडे, दप्तर भरून उशाशी, तोंड दाराकडे. उशीच्या अभ्र्यात जेवणातलं काहीबाही लपवलेलं सापडतं. वर्गात तसा शांत असतो. पण आमची कामाची पाळी बदलायची वेळ झाली की त्याचा आवाज चढायला लागतो. मग खुर्ची लाथाडणं, शिव्या, कुणी जवळ गेलं तर चावणं. गुण गेले की रात्रीची पंधरा मिनिटं जातात, ती गेली की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सकाळपासून पुन्हा गुण जायला सुरुवात. आता तर संध्याकाळ व्हायच्या आधीच तो फलकावरचं आपलं नाव स्वतः पुसून टाकतो. "तसंही जाणारच आहे," म्हणतो.

ज्या मुलाने माणसं अचानक नाहीशी होताना पाहिली, त्याच्याकडून आपण शिक्षा म्हणून पुन्हा माणूसच काढून घेतोय. हे चूक आहे असं मला ठामपणे वाटतं. बैठकीत बोलले की उत्तर येतं, "एकाला सूट दिली की बाकीचे डोक्यावर बसतील." असं म्हणणारे सहकारी मनाने वाईट नाहीत, मुलांना आवरताना त्यांनी मारही खाल्लाय. आणि एकाचा स्फोट झाला की बाकीची मुलं भेदरतात हेही खरंच आहे.

मर्यादा न सोडता आणि नातं पणाला न लावता संध्याकाळ कशी बांधावी? कुणी असा बदल करून पाहिला आहे का? "मला वाटतं" यापेक्षा भक्कम असं बैठकीत काय मांडता येईल? मुलाला धरून ठेवण्याबद्दलही अनुभव असेल तर लिहा, त्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

प्रतिसाद १

ताई, मी मुलांबरोबर काम करणारी मानसशास्त्रज्ञ आहे. तुमचं निरीक्षण अचूक आहे.

'आत्ता खुर्ची लाथाडली तर रात्री आपलंच नुकसान' असा विचार मूल थांबून करील, हे गुणफलकाने धरून चाललेलं असतं. सतत धोक्यात वाढलेलं मूल धोक्याच्या खुणा फार लवकर टिपतं. मेंदूतला अमिग्डाला हा धोका टिपणारा भाग एकदा जागा झाला की शरीर लढायच्या, पळायच्या किंवा गोठून जायच्या तयारीत जातं आणि पुढचा-मागचा विचार करणारा कपाळामागचा भाग त्या वेळी मागे पडतो. तेव्हा आमिषही लागू पडत नाही आणि धाकही. शिकणं होतं ते शांत झाल्यावर.

म्हणून बैठकीत सूट मागूच नका. नियम तेच राहू देत, परिणाम त्या कृतीशी जोडा. खुर्ची मोडली तर दुरुस्तीला हात लावायचा, कुणाला लागलं तर त्याच्यासाठी काहीतरी करायचं, आणि हे सगळं तो थंड झाल्यावर, मोठ्या माणसाच्या सोबतीने. फोन, झोपण्याआधीचा वेळ, जेवण, थेरपी या कमवायच्या गोष्टी नव्हेत. एक मात्र बघा: एखाद्या नातेवाइकाशी बोलल्यावरच मूल कोसळत असेल, तर तो फोन ठेवायचा की नाही हे थेरपिस्टने सुरक्षिततेच्या दृष्टीने ठरवावं. गुणांवरून नाही.

संशोधन दाखवायचं तर लोक लगेच फेलिटी आणि अँडा यांचा बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांवरचा अभ्यास काढतात. १९९८ मध्ये तो पहिल्यांदा प्रसिद्ध झाला, दोन टप्पे मिळून १७,००० हून जास्त प्रौढ त्यात होते. मोठा अभ्यास आहे, पण असे अनुभव मोजून त्यात जो आकडा काढतात तो एकेका मुलाचं भविष्य सांगायला वापरू नये, हे अँडा यांनीच २०२० मध्ये सहकाऱ्यांसोबत लिहिलं आहे. तुमच्या कामाला ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे आघातावर केंद्रित, विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी, जास्त उपयोगी पडेल. कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर यांनी विकसित केलेली ही पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) असलेल्या मुलांसाठी या प्रकारची सीबीटी सुचवली आहे. तिच्यात मुलाला सांभाळणाऱ्या माणसाचीही सत्रं असतात. घरचं कुणी येत नसेल तर तिथे तुम्ही बसू शकता का, हे थेरपिस्टला जरूर विचारा. मूल शांत व्हायला काय शिकलंय हे वसतिगृहाला माहीतच नसेल, तर रात्री त्या शिकण्याचा काय उपयोग?

प्रतिसाद २

मी अशाच एका वसतिगृहात बरीच वर्षं होतो. आधी बुटांविषयी: काढायला लावू नका. जो पळायच्या तयारीत झोपतो त्याला बूटच झोप देतात. आमच्याकडे एक मुलगी होती, तिला आम्ही सांगितलं की बूट पलंगाखाली नको, पलंगाच्या अगदी कडेला, टाचा तुझ्याकडे ठेव, म्हणजे उठलीस की पाय थेट आत. आठवडे गेले, मग एक दिवस तिने काढले. तेही आधी एकच.

खाण्याचं लपवणं ही चोरी समजू नका. पोटाची खात्री नसलेली मुलं हे करतातच. त्याच्या नावाचा एक झाकणाचा डबा द्या, त्यात काय टाकायचं ते त्याच्यासोबत ठरवा, आणि तो रिकामा झाला की न विचारता भरा. भरायला एकदा जरी विसरलात तर विश्वास पहिल्यापासून मिळवावा लागेल.

पाळी बदलताना भडकतो म्हणताय, तर त्याला जाणारा माणूस दिसतोय, येणारा दिसत नाहीये. आज रात्री कोण, सकाळी कोण, हे फोटोंसकट भिंतीवर लावा. जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने मिळून त्याला भेटावं, दोनच मिनिटं. "मी आता घरी जातोय, परवा दुपारी येईन" हे तोंडाने सांगावं आणि परवा दुपारी यावं. रजा पडली तर फोन करून त्याला कळवावं.

रात्रीची फेरीसुद्धा दिवसा दाखवून ठेवा: बॅटरी जमिनीकडे असेल, मी दारातच थांबेन, पांघरुणाला हात लावणार नाही. सकाळी उठवतानाही दारातूनच नावाने हाक. अंधारात ज्याच्यावर अत्याचार झालाय त्याला खांद्यावरचा मायेचा हातसुद्धा हल्ला वाटू शकतो.

प्रतिसाद ३

धरून ठेवण्याबद्दल. प्रशिक्षण नसेल तर हात घालूच नका, आणि पोटावर पालथं पाडून दाबणं कधीही नाही. त्यात श्वास कोंडून मुलं दगावली आहेत. कुणाच्या तरी जिवाला लगेच धोका असेल तेव्हाच, आणि कमीत कमी वेळ. "ऐकत नाही" हे कारण होऊ शकत नाही.

आम्ही कॉर्नेल विद्यापीठाचं थेराप्यूटिक क्रायसिस इंटरव्हेन्शन हे प्रशिक्षण घेतलं. त्यातला बहुतेक भाग हात न लावता प्रसंग निवळण्याचाच आहे. सगळ्यात कामी आलं ते नंतरचं बोलणं. मूल शांत झालं की काय घडलं ते आधी त्याच्या तोंडून, मधे न बोलता ऐकायचं, मग पुढच्या वेळी काय करता येईल ते दोघांनी ठरवायचं. प्रसंग घडत असताना मात्र एकाच माणसाने, हळू आवाजात, बाजूला उभं राहून बोलावं. बाकीच्यांनी इतर मुलांना घेऊन दुसऱ्या खोलीत जावं. म्हणजे तुमची भेदरलेली मुलंही सांभाळली जातात.

सँड्रा ब्लूम यांच्या सँक्चुअरी मॉडेलमधलं (आघात लक्षात घेऊन अख्खी संस्था चालवण्याची ही पद्धत) सुरक्षा कार्डही करून बघा. अस्वस्थ झालो तर काय करायचं अशा चार-पाच साध्या गोष्टी प्रत्येकाने कार्डावर लिहायच्या आणि जवळ ठेवायच्या. कर्मचाऱ्यांनीसुद्धा. मोठ्यांनी आपलं कार्ड काढलेलं मुलं बघतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. पाळी बदलताना दोघांनी मिळून भेटायचं, हे मला सुचलंच नव्हतं. ते उद्यापासूनच करता येईल, त्याला बैठकीची गरज नाही. डब्यासाठी स्वयंपाकघराशी बोलते, सत्रात बसण्याबद्दल थेरपिस्टला विचारते.

फलकाचं मी असं मांडणार आहे: फोन आणि रात्रीची पंधरा मिनिटं सगळ्याच मुलांसाठी यादीतून बाहेर, एकट्या त्याच्यासाठी नाही. मग "एकाला सूट" हा मुद्दाच उरत नाही. सहा आठवडे करून बघू, रोजची झोप आणि संध्याकाळचे प्रसंग वहीत लिहू, मग ठरवू.

आता एकच विचारायचं राहिलं. इतर मुलांना हा बदल कोणत्या शब्दांत सांगावा? इतके दिवस ज्यांनी खपून ती पंधरा मिनिटं "कमावली", त्यांना आपली मेहनत फुकट गेली असं वाटायला नको. कुणी मुलांसमोर असं बोललं असेल तर नेमकं काय म्हणालात ते लिहा. बैठक सोमवारी आहे.