मदत हवी आहे: सकाळी माउंट बॅचलरवर स्कीइंग आणि दुपारी लाव्हागुहा, एका दिवसात जमेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही बोरिवलीचे. येत्या मे महिन्याच्या मध्यावर आई आणि मी पोर्टलंडला भावाकडे जाणार आहोत आणि तिथून सगळेच ऑरेगनमधल्या बेंड या गावी मुक्कामाला जाऊ. त्या मुक्कामातल्या एकाच दिवसात माउंट बॅचलरवरचे हंगामाच्या अखेरचे स्कीइंग आणि परिसरातल्या लाव्हागुहा अशा दोन्ही गोष्टी साधाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मे महिनाच निवडला, कारण बॅचलरवरच्या लिफ्ट साधारणपणे मेअखेरपर्यंत चालतात आणि शीतनिद्रेतल्या वटवाघळांना त्रास होऊ नये म्हणून हिवाळाभर बंद ठेवलेल्या गुहा मे महिन्यात उघडतात. दोन्ही एका वेळी खुले असण्याचा काळ त्यामुळे जेमतेम काही आठवड्यांचाच असतो.

दिवसाचा क्रम मी असा योजला आहे. रात्री गोठलेला बर्फ पहाटे टणक व निसरडा असतो, ऊन लागले की वरचा थर दाणेदार होतो, आणि दुपारनंतर त्याचा लगदा होऊन स्की रुतू लागतात, हे मी गुलमर्गला शिकताना पाहिले आहे. म्हणून मधले दोन-तीन तास स्कीइंग करून दुपारी गुहेकडे निघावे. बॅचलर बेंडच्या पश्चिमेला सुमारे ३५ किलोमीटरवर, तर लाव्हा रिव्हर केव्ह दक्षिणेला सुमारे १९ किलोमीटरवर, ९७ क्रमांकाच्या महामार्गाला लागून आहे. बेंडला परत न येता बॅचलरहून सनरिव्हरमार्गे थेट उतरणे त्या दिवसांत सोयीचे पडते का?

गुहेचा आग्रह का, तेही सांगते. कान्हेरी घराजवळ असल्याने तिथे माझे सतत जाणे असते. तिथल्या भिंतींवर छिन्नीचे तिरपे घाव आजही बोटांना लागतात, कारण ती सगळी लेणी माणसाने बसाल्टमध्ये कोरलेली आहेत. बेंडजवळची गुहाही बसाल्टचीच, पण ती लाव्हाने स्वतः घडवली: वाहत्या प्रवाहाचे कवच थंड होऊन घट्ट झाले, आतला रस पुढे वाहून गेला आणि सुमारे दीड किलोमीटर लांबीची पोकळी मागे राहिली. तोच खडक, पण घाव एकही नाही; हे मला आईला दाखवायचे आहे.

आईचे वय अडुसष्ट आहे आणि तिचे गुडघे दुखतात. गुहेच्या तोंडाशीच बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, पुढची जमीन ओबडधोबड आहे आणि आत उन्हाळ्यातही तापमान पाच-सहा अंशांच्या आसपास असते. तिने थोडेसेच आत येऊन परतावे म्हटले, तर पायऱ्यांना आधाराचे कठडे पुरेसे आहेत का? बेंडजवळचीच दुसरी लाव्हागुहा, बॉयड केव्ह, पुष्कळ लहान आहे, पण तिथेही जिना आहे; तो तिला झेपेल का?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बुटांचा आहे. व्हाइट-नोज सिंड्रोम या बुरशीजन्य रोगाने अमेरिकेत २००६ पासून लाखो वटवाघळे मेली आहेत आणि ही बुरशी माणसांच्या कपड्यांवरून व बुटांवरूनही पसरू शकते, म्हणून दुसऱ्या गुहेत वापरलेल्या वस्तू तिथे आत न्यायच्या नसतात. कान्हेरीतही वटवाघळे आहेत, त्यामुळे सह्याद्रीत वापरलेले बूट आणि सॅक मी घरीच ठेवणार आहे. पण हेडटॉर्च आणि कॅमेरा नीट स्वच्छ करून नेलेले चालतात, की तेही तिथे वेगळे घ्यावेत? प्रत्येकाकडे प्रकाशाची दोन साधने असावीत असे सांगतात, म्हणून खरेदीची यादी आधीच करायची आहे.

शेवटची शंका वाऱ्याची. बॅचलरच्या माथ्यावरची लिफ्ट वाऱ्यामुळे वरचेवर बंद राहते असे वाचले आहे. तशी वेळ आली तर खालच्या उतारांवर, माझ्यासारख्या मध्यम सराव असलेल्या व्यक्तीची सकाळ चांगली जाईल, की तो दिवस सरळ गुहांसाठीच ठेवावा? गुहेची वेळ मला आधी आरक्षित करायची आहे, म्हणून बर्फावरून उतरून, कोरडे कपडे घालून, जेवून तिथे पोहोचायला किती अवधी धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.