मुळांवर बारीक पिवळ्या मुंग्या आणि सोबत पांढरे किडे, काय प्रकार आहे?

बागवाला_रत्नागिरी:
काल उंबराच्या शेजारी कलमासाठी खड्डा काढत होतो, फूटभर खाली गेल्यावर मुळांशी फिक्या पिवळ्या मुंग्या निघाल्या, तांदळाच्या कणीएवढ्या. मुळांना पांढरे किडे चिकटलेले, आधी वाटलं अंडी आहेत पण नीट बघितलं तर पाय होते! आणि मुंग्या चावायला आल्या नाहीत, एकेक पांढरा किडा तोंडात धरून पळायला लागल्या. ओंबील नाही, वाळवी पण नाही. औषध ओतू का?

मातीखाली:
थांबा, ओतू नका!! वर्णनावरून अ‍ॅक्रोपायगा गटातली मुंगी वाटतेय, भारतात अ‍ॅक्रोपायगा अ‍ॅक्युटिव्हेंट्रिस सापडते. आयुष्य जमिनीखालीच, म्हणून रंग फिका आणि डोळे अगदी बारके. ते पांढरे म्हणजे मुळांवरचे पिठ्या ढेकूण, मुळातला रस पितात आणि मागून गोड चिकटा सोडतात, त्याच्यावरच या मुंग्या जगतात. तुम्ही पाहिलंत ते गुरं हलवणंच म्हणा ना. आणि खरी कमाल पुढे आहे, नवी राणी मिलनासाठी उडते तेव्हा जबड्यात एक पिठ्या ढेकूण धरून निघते, नव्या घरातला कळप त्या एकापासून सुरू होतो. डॉमिनिकन अंबरमध्ये (कॅरिबियनमधली झाडाची दगड झालेली राळ) दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीच्या अशा राण्या आपल्या ढेकणांसकट सापडल्यात. मला हे वाचून रात्री झोप नव्हती आली.

पानफुटी:
पण हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पिवळ्या मुंग्यांनी लाखो लाल खेकडे मारले ना? तीच तर नाही ही?

मातीखाली:
नाही नाही, ती यलो क्रेझी अँट. लांब पायांची, जमिनीवर सैरावैरा पळते, चांगली ४-५ मिमी असते. ती पण रस पिणाऱ्या खवले किड्यांच्या चिकट्यावर वाढते, म्हणून तिथे २०१६ मध्ये मुंगीवर औषध मारत बसण्यापेक्षा त्या खवले किड्यांना मारणारी बारीक गांधीलमाशी मलेशियातून आणून सोडली. तुमची मुंगी मिलनाचं उड्डाण सोडलं तर मातीतून वर पण येत नाही. माझ्या मते मोठ्या उंबराला एवढ्याने काही होत नाही, फक्त कोवळं कलम तिथेच लावू नका. भिंगातून फोटो टाकाल का?

बागवाला_रत्नागिरी:
माती परत लोटली, खड्डा पलीकडे मारतो. फोटोत एकीच्या तोंडात ढेकूण स्पष्ट आलाय, संध्याकाळी टाकतो.