शहराची नवी उभारणी विकासक कंपन्यांवर किती सोपवावी?

लालबागकर: नमस्कार. आमची चाळ १९४० पूर्वीची, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) आहे. जिन्याच्या लाकडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत आणि पावसाळ्यात गॅलरीला टेकू लावावे लागतात, त्यामुळे पुनर्विकास हवा याबद्दल रहिवाशांत दुमत नाही. मात्र मुंबईच्या गिरणगावात एवढे मनोरे उभे राहूनही मुलांना खेळायला मैदान नाही. खासगी विकासक इमारतीपलीकडे जाऊन शहर उभे करू शकतात का, की ते काम सरकारी यंत्रणेनेच अंगावर घ्यावे?

परळचा रहिवासी: गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, ते पाहावे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे या जमिनींचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच ठेवली. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा शेडनेच व्यापलेली असल्यामुळे वाटून घ्यायला फारसे काही उरलेच नाही, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती वैध ठरवली. कंपन्यांनी नियमात बसेल ते बांधले. मैदानाची जागा राखणे हे शासनाचे काम होते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी एकत्रित आराखडा दिला होता. तो बाजूला पडला, याची हळहळ मला आजही वाटते.

वरळीकर: ब्रिटिशकाळात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींत जमीन सरकारची, योजना म्हाडाची आणि कंपनी केवळ बांधकामाची कंत्राटदार अशी रचना आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचे घर मिळत आहे. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. विलंब पुष्कळ झाला, तरी माझे मत याच पद्धतीच्या बाजूने आहे.

गिरगावकर: आपली चाळ खासगी मालकीची असल्यास बीडीडीचा मार्ग तसाच्या तसा लागू होणार नाही. आमच्या विकासकाने दीड वर्ष भाडे दिले आणि मग थांबवले. चाळ पाडलेल्या जागेभोवती आज फक्त पत्रे उभे आहेत, आणि माझे वडील नव्या घराची वाट पाहतच गेले. म्हणून नोंदणीकृत करार आणि बँक हमी हातात आल्याशिवाय कोणीही खोली रिकामी करू नये, ही कळकळीची विनंती. दुसरे असे, की एकट्या चाळीच्या भूखंडावर मनोऱ्याशिवाय काही बसत नाही. विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम ३३(९) खालील समूह पुनर्विकासाला, म्हणजे अनेक इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाला, मुंबईच्या शहर भागात (उपनगरे सोडून) किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते, आणि तेवढी जागा एकत्र आली तर रस्ता रुंद करता येतो, मोकळी जागाही मागता येते. भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर असा प्रकल्प एका न्यासाने हाती घेतला आहे. त्यामुळे विकासकाशी बोलण्याआधी शेजारच्या चाळींच्या रहिवाशांची एकत्र बैठक बोलवावी.

लालबागकर: आभारी आहे. शेजारच्या दोन चाळींचा घरमालक आमचाच आहे. येत्या रविवारी तिन्ही चाळींची बैठक बोलावतो.