प्रॉक्सीमागून येणाऱ्या वाचकाचा मूळ आयपी पत्ता कसा ओळखावा?

प्रश्न

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची मी अपाचे सर्व्हरवर चालवतो. गेल्या महिन्यात त्याच्यापुढे एनजिनएक्स हे प्रॉक्सी म्हणून (वाचकांच्या विनंत्या आधी स्वतः घेऊन अपाचेकडे पाठवणारा मध्यस्थ) बसवले आणि तेव्हापासून पीएचपीला (ग्रंथसूचीचा कोड या भाषेत आहे) प्रत्येक वाचकाचा पत्ता १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचाच अंतर्गत पत्ता, असाच दिसतो. पाचदा चुकीचा पासवर्ड टाकणारा पत्ता तासभर अडवण्याची सोय मी केलेली असल्याने परवा एका सभासदाच्या चुकीपायी सगळ्यांचेच लॉगिन बंद पडले. विनंती मुळात कोणत्या पत्त्यावरून आली हे प्रॉक्सी ज्यात पुढे कळवते, त्या एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमधला पहिला पत्ता घ्यावा, असे वाचले आहे. तेवढे पुरेल का?

प्रतिसाद १

पहिला पत्ता कृपया घेऊ नका. हेडर म्हणजे विनंतीसोबत आलेला मजकूर, तो कोणीही लिहू शकतो. आणि एनजिनएक्सची सर्रास उतरवून घेतली जाणारी मांडणी आलेल्या मजकुराच्या शेवटी आपल्याला दिसलेला पत्ता जोडते, त्यामुळे सर्वांत डावीकडे उरते ते पाहुण्याने स्वतः लिहिलेले. पासवर्डचे अंदाज लावणारा दर वेळी नवा पत्ता लिहील आणि तुमची पाचाची मर्यादा कधीच गाठणार नाही.

तुमच्याकडे मध्ये एकच प्रॉक्सी आहे, म्हणून एनजिनएक्सला तो हेडर जोडायला न सांगता आपल्याला दिसलेल्या पत्त्याने पुसून नव्याने लिहायला सांगा. मग अपाचे २.४ मधले रिमोटआयपी मोड्यूल सुरू करून त्यात या हेडरचे नाव आणि विश्वासू प्रॉक्सी म्हणून १२७.०.०.१ नोंदवा. पीएचपीतला रिमोट अ‍ॅड्रेस (विनंती करणाऱ्याचा पत्ता) आपोआप बरोबर येईल, कोडला हात लावावा लागणार नाही. मात्र अपाचेचे पोर्ट (ज्या क्रमांकावर ते विनंत्या स्वीकारते) बाहेरून उघडे नाही ना, हे आधी तपासा.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्य आहे. पुढे सीडीएन (संकेतस्थळाच्या पुढे उभी राहणारी, अनेक ठिकाणच्या सर्व्हरची सेवा) घेतलेत, तर त्याचे पत्ते विश्वासू ठरवून यादी उजवीकडून वाचावी लागेल आणि पहिला अनोळखी पत्ता हाच पाहुण्याचा मानावा लागेल.

पण पत्ता म्हणजे माणूस नव्हे. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागून बाहेर पाठवतात. अशा वापरासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. म्हणून मर्यादा सभासद क्रमांक आणि पत्ता या जोडीवर लावा. पाहुणा स्वतःच व्हीपीएनमागे (आपला पत्ता झाकणाऱ्या मध्यस्थ सेवेमागे) असेल, तर त्याचा मूळ पत्ता विनंतीत येतच नाही; तो शोधण्यात वेळ घालवू नका.

प्रश्नकर्ता

बदल केले. घरच्या वायफायवरून आणि मोबाइल डेटावरून आता दोन वेगळे पत्ते दिसतात. अपाचेचे पोर्ट खरोखरच उघडे होते, ते बंद केले. दोघांचेही मनःपूर्वक आभार.