कोणत्या तोंडाने देवळात जावे?

दारू सुटेपर्यंत देवळाची पायरी चढणार नाही, असे आपण लिहिलेत ते मनाला लागले. विठ्ठलाला पतितपावन म्हटले ते निष्कलंक माणसांसाठी नव्हे. ठाण्यात कौपिनेश्वराच्या देवळात सोमवारी पाहावे, बेल वाहून कुणी कान धरतो, कुणी उंबऱ्यावर कपाळ टेकवून बराच वेळ उठत नाही, आणि त्यांना कुणीही जाब विचारत नाही. गणपती विसर्जनाला निघताना घरोघरी घातल्या जाणाऱ्या गाऱ्हाण्यातही ‘काही चुकले असेल तर पदरात घे’ अशीच विनवणी असते. मात्र घरच्यांना दुखावले असेल, तर त्यांची क्षमा आधी मागावी, असे मला ठामपणे वाटते. देवळात जाणे कृपया थांबवू नका. व्यसन सोडण्याचे बळही तिथेच मागायचे आहे.