हॅचरीतली पिल्लं सोडली की झालं?

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट मासा, आणि हॅचरी म्हणजे माशांची पैदास करणारं केंद्र. कुणीतरी म्हटलंय, 'स्टीलहेड कमी झालेत ना, मग हॅचरीतून आणखी सोडा.' इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या हूड नदीतल्या स्टीलहेडच्या डीएनएवरून 2007 साली संशोधकांनी दाखवलं, की बंदिस्त पैदाशीच्या दर पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. टाकीत माणसाची सावली पडली की पिल्लं तोंड वासून वर येतात, दाणे मिळतात म्हणून. नदीत ती सावली बगळ्याची असते!

गळाला लागलेला मासा हॅचरीचा असेल तर ओळखायला सोपा. पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो, बोट फिरवलं तरी कळतं. पर शाबूत असेल तर तो बहुधा नदीतच जन्मलेला, अलगद सोडा. कापलेला असेल आणि नियमात बसत असेल, तर खुशाल घरी न्या, तळा.